साखर आपली, तब्येतही आपलीच

साखर कारखान्याच्या पत्रिकेत ‘साखर बेताने खा’ असे वाचून काही सभासद बंधू म्हणतील, ‘आता हे काय नवीन काढलं?’ पण ऊस पिकवणाऱ्याने स्वतःच्या तब्येतीचा हिशेब मांडू नये, असे कुठल्या पोटनियमात लिहिलेले नाही.

उठल्यावर चहा, मळ्यात चहा, पाहुणा आला की चहा, उसाची गाडी काट्यावर रांगेत थांबली की पुन्हा चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत ५० ग्रॅमच्या आसपास पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा दोन हजार कॅलरीच्या आहाराला तेवढीच आहे. २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास आणखी चांगले. म्हणजे चहातच कोटा संपला, बिस्किटे वेगळीच. गूळ घातला म्हणून सुटका नाही. तीही बहुतांशी साखरच.

खरे नुकसान पुढेच आहे. अशा अरबट-चरबट खाण्याने भूक मरते आणि ताटातली उसळ, पालेभाजी नकोशी होते. मैदा-साखर लवकर जिरते, थोड्या वेळाने पोट पुन्हा काहीतरी मागते. भाकरी-उसळ मात्र दुपार निभावून नेते. वजन वाढते, पण अंगाला पोषण नाही, अशी दुहेरी तूट.

मोट हाकणारा माणूस खाल्लेलं जिरवत होता. आता नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने. कष्ट कमी झाले हे चांगलेच. पण चहाचे कप काही कमी झाले नाहीत.

कुणी विचारील, मग कारखाना चालायचा कसा? उसाला आज इथेनॉलची आणि सहवीजनिर्मितीचीही वाट आहे. सभासदाच्या घरचा औषधांचा खर्च वाढवून पोती खपवायची, असला सहकार आम्हाला मान्य नाही.

आमचे म्हणणे एवढेच : जेवणाच्या वेळा पाळा. न्याहारी बुडवू नका. मधे भूक लागली तर मूठभर शेंगदाणे, फुटाणे नाहीतर पेरू खा. चहा दोनदाच आणि साखर निम्मी. घरातल्या बायांनी सर्वांच्या मागून चहा-चपातीवर भागवू नये. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे. सवलतीची साखर सणासुदीच्या गोडधोडासाठी आहे, रोज कपाकपाने संपवायला नाही.

येत्या वार्षिक सभेला पेढे-फरसाणाच्या पुड्याऐवजी भाजलेल्या शेंगा आणि ताक द्यावे, अशी आमची संचालक मंडळाला सूचना आहे. सभासदांनी तिला अनुमोदन द्यावे.