पटावरचा फोन उचला

बेंगळुरूत घरातला खेळ 'स्मार्ट' करून देण्याचा धंदा जोरात आहे. इथल्याच प्लेशिफू कंपनीचा 'टॅक्टो' बघा: टॅबलेटवर आकृत्या टेकवायच्या, पडदा त्या ओळखतो आणि खेळ पुढे नेतो. पोरं पटाशी बसली म्हणून आईबाप खूश. साफ खोटी समजूत! पोरं स्क्रीनशीच बसलेली असतात, फक्त हातात सोंगटी असते.

चामराजपेटेत आमच्या घरी चौकाबारा खेळतात, महाराष्ट्रातला चल्लस-आठ. खडूने पंचवीस घरं आखायची, चार कवड्या टाकायच्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. परवा एक कवडी आजीच्या मांडीला टेकून कलती राहिली. आजी म्हणे उताणी, नातू म्हणे पालथी. "आजी, तू रडी खेळतेस!" पोरगं जमिनीला गाल लावून कवडीचं तोंड बघत होतं. बरीच हुज्जत झाली, मग दान पुन्हा टाकायचं ठरलं. एवढ्याशा पोराने मोठ्या माणसासमोर आपलं म्हणणं मांडलं, तिचं ऐकून घेतलं आणि दोघांना पटेल असा तोडगा काढला. ॲपने हा वाद क्षणात मिटवला असता. मग खेळात उरलं काय, सोंगट्या सरकवण्याची हमाली?

आणि ॲपवर चालणाऱ्या खेळाचा मालक कोण? २०१५ सालचा 'एक्सकॉम' हा पटखेळ ॲपशिवाय खेळताच येत नाही. पेटी तुम्ही विकत घ्यायची, ॲप कधीपर्यंत चालवायचं ते कंपनी ठरवणार. ते बंद पडलं की घरात पुठ्ठा. हंपीच्या मंडपांत फरशीत कोरलेले पट आहेत. १५६५ नंतर ते नगर उजाड झालं, पण नियम ठाऊक असलेली दोन माणसं बसली की तिथे आजही डाव मांडता येतो.

नव्याला माझा विरोध नाही. ज्या चामराज वडियारांच्या नावाने १८९२ मध्ये ही पेठ वसली, त्यांचे दत्तक पिता तिसरे कृष्णराज यांनी स्वतः कितीतरी पटखेळ आणि गंजिफांचे संच रचले. पुण्याच्या मावशीला व्हिडिओ कॉलवर पट दाखवून तिचं दान आम्ही टाकतो, तेही मला मान्य आहे, कारण तिथे फोन निवाडा करत नाही.

तेव्हा खेळ बनवणाऱ्यांनो, सगळे नियम कागदावर छापून पेटीत घाला. फासे पोरांच्या हातात द्या, गुण त्यांना मोजू द्या, भांडूही द्या. एवढंही जमत नसेल तर पेटीवर 'पटखेळ' छापून आमच्याकडून पैसे उकळू नका.