रेषा कोणी ओढायच्या?

मतदाराने प्रतिनिधी निवडावा, हा लोकशाहीचा पहिला संकेत. अमेरिकेत मात्र प्रतिनिधीच आपले मतदार निवडून घेतात, आणि तेही कायदेशीर मार्गाने. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेल्या आखणीतील एक मतदारसंघ नकाशावर सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यागत वेडावाकडा दिसला आणि 'गेरीमँडरिंग' हा शब्द जन्मास आला. त्या वर्षी राज्य सिनेटसाठी अधिक मते मिळविणाऱ्या फेडरलिस्ट पक्षाच्या वाट्याला ४० पैकी अवघ्या ११ जागा आल्या. गेरी स्वतः मात्र हरले. राज्यपालपदाच्या निवडणुकीत अशा रेषा कोठून असणार!

युक्ती साधी आहे. विरोधकांचे मतदार एक तर मोजक्या मतदारसंघांत कोंबायचे, नाही तर सर्वत्र विखरून टाकायचे. नॉर्थ कॅरोलायनात २०१६ मध्ये रिपब्लिकनांनी सुमारे ५३ टक्के मतांवर १३ पैकी १० जागा जिंकल्या. मेरीलँडमध्ये हाच उद्योग डेमोक्रॅटांचा. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी, हा विषय संघीय न्यायालयांचा नव्हेच, असे सांगून न्यायपीठाने हात झटकले.

पुढे व्हायचे तेच झाले. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता पाच वाढीव जागांवर डोळा ठेवून नवा नकाशा केला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ व २०१० मध्ये आखणीचे काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिले होते. प्रत्युत्तराच्या भरात त्यांनीच आयोगाचा लोकसभेसारख्या प्रतिनिधीगृहासाठीचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला सारला. सुधारणेचा बळी सुधारकांनीच द्यावा, याहून शोचनीय ते काय?

भारतात ही दोरी आमदारांच्या हाती नाही. २००२ च्या कायद्यानुसार सीमांकन आयोगाचा अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा आजी वा माजी न्यायाधीश असतो. खासदार-आमदार सहयोगी सदस्य, पण त्यांना मताधिकार नाही. न्या. कुलदीप सिंग आयोगाच्या आखणीने विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या, ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४ वर गेल्या. विदर्भाला ते झोंबले, आणि ते स्वाभाविकही होते. पण ती घट लोकसंख्येच्या हिशेबाची होती. कोणा पक्षाच्या कचेरीत बसून तो हिशेब मांडला गेला नव्हता. उणीव आहे ती वेगळीच. कोणते गाव कोणत्या कारणाने कोणाला जोडले, हे त्या गावाला सांगण्याचे बंधन आयोगावर असावे. जाहीर सुनावणी होते, सहयोगी सदस्यांचे मतभेद प्रसिद्धही होतात. पण अंतिम आदेशात गावागणिक कारण लिहिलेले नसते.