हातगुण कीं अभ्यास?

आपल्याकडे सुगरणीची स्तुति करावयाची झाली म्हणजे एक वाक्य ठरलेलें आहे : "यांच्या हाताला चव आहे." हें ऐकून कोणत्या गृहिणीस संतोष होणार नाहीं? तथापि थोडा विचार केल्यास या स्तुतींत एक अन्याय दडलेला आहे असें दिसून येईल. चव हातालाच असेल तर ती उपजत ठरली. ती साधण्यासाठीं त्या माउलीला कांहीं शिकावें लागलें नाहीं, मोजावें लागलें नाहीं, चार वेळां बिघडलेलें पांचव्या वेळीं सुधारावें लागलें नाहीं, असा त्याचा अर्थ होतो. सुताराची चौकट काटकोनांत बसली तर आपण त्याच्या कसबाची तारीफ करितों. चुलीपुढील कसबाला मात्र आपण हातगुण म्हणतों आणि जेवून उठतों.

आमचें म्हणणें असें कीं, स्वयंपाकघरांत चालतें तें विद्येचेंच काम होय. आणि विद्या म्हणूनच तें मुलींनीं व मुलांनीं शिकलें पाहिजे. या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही एक परदेशी पदार्थ वाचकांपुढें ठेवितों. परदेशी एवढ्याचसाठीं कीं, त्याचा इतिहास लिहिलेला सांपडतो आणि त्याच्या इतिहासांत हाच अन्याय घडलेला स्पष्ट दिसतो.

हा पदार्थ म्हणजे बिडाच्या खोलगट तव्यांत भाजलेली एकच मोठी चॉकलेटची कुकी. मैदा, लोणी, साखर व अंडें यांचें घट्टसर पीठ करून त्यांत चॉकलेटचे तुकडे मिसळावयाचे आणि त्याचे लहान लहान गोळे पत्र्यावर भाजावयाचे, ही अमेरिकेंतील प्रसिद्ध कुकी. आपल्या नानखटाईची दूरची बहीण म्हणा ना. तेंच सगळें पीठ एका तव्यांत थापून, तवाच्या तवा भट्टींत सारून, सुमारें 25 सेंटिमीटर व्यासाची एकच कुकी करावयाची, ही तिची थोरली आवृत्ति. ती कडेला कुरकुरीत व मध्यें मऊ असते. तवा तसाच जेवणाच्या मेजावर आणून सर्वांनीं त्यांतून वाटून घ्यावयाची तेथें रीत आहे.

ही कुकी प्रथम सिद्ध केली ती रूथ ग्रेव्ह्ज वेकफील्ड या बाईंनीं. त्यांचा जन्म 1903 सालचा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यांत फ्रॅमिंगहॅम येथें शिक्षक तयार करणारें एक सरकारी विद्यालय होतें. त्याच्या गृहकला-शाखेंतील शिक्षण पुरें करून त्या 1924 सालीं बाहेर पडल्या. पुढें त्यांनीं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलें व अन्नविषयावर व्याख्यानें दिलीं. 1930 सालीं त्यांनीं व त्यांचे पति केनेथ यांनीं बोस्टनच्या दक्षिणेस व्हिटमन या गांवीं एक घर विकत घेऊन तेथें 'टोल हाउस इन' नांवाची खाणावळ थाटली. बाईंनीं आपल्या पाककृतींचें पुस्तकहि प्रसिद्ध केलें. त्याच्या 1938 सालच्या आवृत्तींत ही कुकी आली. आणि 1939 सालीं बाईंच्या संमतीनें नेस्ले कंपनी ती कृति आपल्या चॉकलेटच्या वेष्टनावर छापूं लागली. मूळची कुकी अगदीं लहान, अर्धा चमचा पीठ टाकून केलेली व कुरकुरीत होती. थोरली तव्यांतील कुकी हा तिचा पुढचा विस्तार.

आतां लोकांनीं या बाईंविषयीं काय गोष्ट रचिली तें पाहा. म्हणे, एके दिवशीं त्यांच्या घरचें नेहमींचें चॉकलेट संपलें. म्हणून त्यांनीं दुसऱ्याच चॉकलेटचे तुकडे पिठांत टाकिले, ते वितळून सगळें पीठ तपकिरी होईल या आशेनें. आणि तुकडे तसेच राहिले हें पाहून त्या चकित झाल्या! दुसऱ्या एका कथेंत चॉकलेट फळीवरून यंत्राच्या हादऱ्यानें आपोआप पिठांत पडतें. म्हणजे या कथेंत चॉकलेटनें काम केलें, यंत्रानें केलें, दैवानेंहि केलें. केलें नाहीं तें एकट्या बाईंनीं. वस्तुतः पुढें बाईंनीं स्वतः सांगितलें आहे कीं, खाणावळींत आइस्क्रीमबरोबर एक पातळ बिस्किट देण्याची पद्धत होती, तें लोकांना आवडे, तरी कांहीं निराळें द्यावें म्हणून विचारपूर्वक त्यांनीं ही कुकी बसविली. पण लोकांना विचारापेक्षां अपघात गोड लागतो.

या दंतकथेची परीक्षा कोणासहि करितां येईल. चॉकलेटमधील कोकोची चरबी 34 अंश सेंटिग्रेडच्या सुमारास, म्हणजे तोंडांतील उष्णतेनेंहि वितळते. तरीहि घट्ट पिठांत रुतलेला तुकडा भट्टींत ओघळून सर्वत्र पसरत नाहीं. भोंवतालचें पीठ त्याला जागा देत नाहीं, आणि त्याच्यांतील कोकोचे व साखरेचे सूक्ष्म कण त्याचा आकार सांवरून धरितात. ज्या बाईनें अन्नाचें शिक्षण घेतलें, त्यावर व्याख्यानें दिलीं व आठ वर्षें खाणावळ चालविली, तिला एवढेंहि ठाऊक नव्हतें असें मानणें म्हणजे सुताराला लांकूड पाण्यावर तरंगतें हें ठाऊक नव्हतें असें मानण्यासारखें आहे.

आणि ज्यांना अजूनहि दैवाचा भरंवसा वाटतो, त्यांनीं थोरली कुकी करून पाहावी. लहान कुकींत पहिला घाणा बिघडला तर दुसरा सुधारतां येतो. थोरलीला पहिला घाणा तोच शेवटचा. म्हणून येथें अंदाजाचें काम नाहीं. 25 सेंटिमीटरच्या तव्याला सुमारें 190 ग्रॅम मैदा, 115 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम तांबूस साखर, 50 ग्रॅम पांढरी साखर, एक अंडें, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, तितकेंच मीठ, थोडा व्हॅनिलाचा अर्क आणि 170 ग्रॅम चॉकलेटचे तुकडे लागतात. हेंच पीठ 20 सेंटिमीटरच्या तव्यांत घातलें तर काय होईल? वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें, हें भूमितींत आपण शिकलों आहों. 625 ला 400 नें भागा; थराची जाडी दीडपटीहून अधिक झाली. भाजण्याचा वेळ तोच ठेवाल तर कांठ भाजला जाईल आणि मध्य कच्चा राहील. ज्या विद्यार्थ्याला हें सूत्र परीक्षेपुरतें पाठ आहे, त्याला तें येथें प्रथमच समजेल.

प्रत्येक पायरीला असेंच कारण आहे. लोणी व साखर प्रथम फेसावयाचीं, कारण साखरेचे कण लोण्यांत हवेचे सूक्ष्म बुडबुडे कोंडून ठेवितात. तांबूस साखरेंत मळीचा अंश असतो व तो किंचित् आम्ल असतो. त्याची सोड्याशीं गांठ पडली म्हणजे कार्बन डायॉक्साइड वायु सुटतो आणि कुकी हलकी होते. मैदा घातल्यावर मात्र फार ढवळावयाचें नाहीं. ढवळल्यानें पिठाला चिवटपणा येतो, जो पोळीला हवा असतो आणि येथें नको असतो. मग भट्टी 175 अंशांवर आधीं तापवून तवा आंत ठेवावयाचा तो वीस ते पंचवीस मिनिटें.

खरी कसोटी पुढेंच आहे, ती तवा केव्हां बाहेर काढावयाचा याची. बीड हा धातु तापण्यास आळशी आणि निवण्यासहि आळशी. भट्टींतून काढला तरी तो पोटांतील उष्णता पुष्कळ वेळ देत राहतो व कुकी त्याच्यांत भाजत राहते. म्हणून कांठ तांबूस व खरपूस झाला, मध्य नुकता धरला, पण अजून जरा मऊ दिसतो आहे, अशा वेळीं तवा काढून पंधरा-वीस मिनिटें तसाच राहूं द्यावा. मध्य कडक होईपर्यंत जो थांबेल, त्याला कांठाची वीट मिळेल. मात्र मऊ आणि कच्चें यांत भेद आहे : कच्च्या अंड्यांत व कच्च्या मैद्यांतहि रोगजंतु असूं शकतात, यास्तव मध्य निदान 71 अंशांपर्यंत तापलेला असला पाहिजे, आणि पीठ कालवितांना बोट चाटण्याचा मोह आवरला पाहिजे. काढण्याची ही वेळ ज्या बाईला बरोबर कळते, तिच्या हाताला चव आहे असें आपण म्हणूं. खरें पाहतां तिनें धातूचा स्वभाव ओळखिला आहे.

बिडाचा तवा आपल्या लोकांना अपरिचित नाहीं. घावन, आंबोळी यांसाठीं तो कित्येक घरीं आहे. परंतु आपला तवा बहुधा उथळ असतो. या कामास चार-पांच सेंटिमीटर उंचीचा कांठ हवा व मुठीला लांकूड वा प्लॅस्टिक नको. नवा तवा तेलाचा पातळ हात देऊन पुन्हां पुन्हां तापविला म्हणजे त्या तेलाचा एक टणक लेप धातूवर बसतो व पदार्थ चिकटत नाहीं. तापल्या तव्यावर थंड पाणी ओतूं नये, बीड तडकतें. ज्या तव्यावर मासळी तळली जाते तोहि घेऊं नये, नाहींतर चॉकलेटला बांगड्याचा वास येईल. आणि भट्टींतून काढलेल्या तव्याची मूठ जाड फडक्याशिवाय धरूं नये; मुलांनीं हें काम वडीलधाऱ्यांच्या देखत करावें.

येथें कांहीं पालक म्हणतील, "लोणी, साखर आणि चॉकलेट! हें मुलांना कशाला?" आक्षेप रास्त आहे. दहा वांटे केले तरी प्रत्येकाच्या वाट्यास नुसती साखरच 15 ग्रॅम येते, चॉकलेटमधील वेगळीच. म्हणून हा रोजचा पदार्थ नव्हे, वर्षांतून एखाद्या सणाचा आहे. परंतु तयार पुडा फोडणाऱ्या मुलाला हा हिशेब कधींच कळत नाहीं. स्वतःच्या हातांनीं 150 ग्रॅम साखर तराजूंत घालणाऱ्याला तो आयुष्यभर आठवतो.

दुसरे म्हणतील, "मुलींचें ठीक, पण मुलग्यानें पीठ मळावें काय?" त्यांस आमचा प्रश्न असा कीं, मुलगा जेवतो कीं नाहीं? जो दोन वेळां जेवतो, त्यानें जेवण कसें होतें हें समजून घेण्यांत कमीपणा कसला? उलट, ज्यानें एकदां तरी भट्टीपुढें उभें राहून पंचवीस मिनिटें डोळ्यांत तेल घालून पाहिलें आहे, तो पानांत वाढलेलें निमूटपणें टाकून उठणार नाहीं, आणि आईला "आज बिघडलें" असें सहज बोलणार नाहीं.

आणखी एक शंका उरते. आमच्या आजीनें ना तराजू पाहिला, ना उष्णतामापक. मग तिचें कसें साधलें? आमचें उत्तर असें कीं, तीहि मोजीतच होती. मूठ, चिमूट, ओंजळ, वाटी हीं तिचीं मापें होतीं; तेलांत पिठाचा कण टाकून तो किती वेगानें वर येतो हें पाहणें हा तिचा उष्णतामापक होता. तिच्याजवळ विद्या होती; तिची वही मात्र नव्हती. आणि आपण तिला हातगुण म्हणून गौरविलें खरें, पण शेजारीं बसून "किती? केव्हां? कां?" असें विचारलें नाहीं. परिणाम काय झाला तो घरोघर दिसतो. आजी गेली, तिच्याबरोबर तिचे पदार्थहि गेले. उरलें तें "तशी चव पुन्हां लागली नाहीं" एवढें वाक्य.

वेकफील्डबाई 1977 सालीं वारल्या. त्यांची खाणावळ 1984 सालीं आगींत भस्म झाली. पण कृति लिहिलेली होती, मापासकट होती, म्हणून ती जगली. इतकेंच नव्हे, तर 1997 सालीं मॅसॅच्युसेट्सनें या कुकीला आपल्या राज्याची अधिकृत कुकी ठरविलें, आणि ती सूचना केली होती तिसऱ्या इयत्तेंतील मुलांच्या एका वर्गानें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, थोरली कुकी करावयास भट्टी व बिडाचा तवा मिळाला तर अवश्य करून पाहा. न मिळाला तरी मोठेंसें बिघडत नाहीं. त्याहून सोपें आणि अधिक निकडीचें एक काम तुमच्या घरांत आज पडून आहे. एक कोरी वही घ्या. आई, आजी, मावशी जो पदार्थ उत्तम करितात, तो त्या करीत असतां शेजारीं बसा. त्यांची मूठ वाटींत रिकामी करून मोजा, वाटी तराजूंत घालून मोजा, घड्याळ पाहा, आंच केव्हां मंद केली तें टिपून घ्या, आणि कां केली तें विचारा. त्या म्हणतील, "अरे, त्यांत काय लिहायचें आहे, अंदाजानें घालायचें." तरी लिहा. मग त्याच मापानें तो पदार्थ स्वतः करून त्यांच्यापुढें ठेवा, आणि चूक काय झाली तें त्यांच्याकडून ऐका. पालकांनीं या वहीसाठीं सुटींतील चार सकाळी मोकळ्या ठेवाव्या, एवढीच आमची त्यांना विनंति आहे.