शेजारीं बसणारा

पेणहून नागोठण्यामार्गें रोह्यास जातांना भिसे खिंड लागते. परवां तेथें आमच्या चिरंजीवांनीं मोटारीचा वेग वाढविला. शेजारीं बसलेले आमचे वडील बंधु म्हणाले, "पुढें वळण आहे." "ठाऊक आहे, आप्पाकाका!" असें तुटक उत्तर मिळालें. त्याच वळणावर गुरें आडवीं आलीं, थोडक्यांत निभावलें.

चिरंजीवांच्या खोलींत 'लान्चिया स्ट्रॅटॉस' या इटालियन मोटारीचें चित्र आहे. ही मोटार रॅलीच्या शर्यतींसाठींच घडविलेली. बांधा आंखूड, म्हणून वळणांत चपळ; फेरारीच्या 'डीनो'चें सहा सिलिंडरांचें एंजिन आसनांच्या मागें. १९७४ ते १९७६ अशीं तीन वर्षें लान्चियानें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, त्यांत हिचा वाटा मोठा. सान्द्रो मुनारीनें माँटे कार्लोची रॅली १९७५, १९७६ व १९७७ सालीं हिच्यांतूनच जिंकली.

परंतु मुनारी एकटा नव्हता. पहिल्या वर्षीं मारिओ मान्नुच्ची व पुढील दोन्ही वर्षीं सिल्व्हिओ मायगा त्याच्या शेजारीं बसला होता. रॅलींत हा सोबती अगोदर टिपून ठेवलेलीं वळणें मोठ्यानें वाचतो आणि चालक निमूटपणें ऐकतो. शिवाय वेगाच्या टप्प्यांवर रस्ता इतर रहदारीस बंद असतो. भिसे खिंडींत गुरें असतात, शाळेचीं मुलेंही असतात.

रोह्यास पोंचल्यावर आम्हीं चिरंजीवांस एवढेंच सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. मात्र परततांना खिंडीच्या पायथ्याशीं म्हणाले, "आप्पाकाका, वळण आलें कीं सांगत जा."