यंत्राची कुरकुर ऐकणार कोण?

खंडेनवमीला महाराष्ट्रातील कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, हळद-कुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो. ज्या साधनावर पोट चालते त्यापुढे नतमस्तक व्हावे, ही या भूमीची रीत आहे. परंतु माळ सुकल्यानंतर वर्षभर त्याच यंत्राची निगा कशी राखली जाते, यावर त्या पूजेचे खरेखोटेपण ठरते.

रासायनिक कारखान्यातील वायूचा कॉम्प्रेसर हे त्या कारखान्याचे हृदय होय. खतासाठी अमोनिया करायचा, तर नायट्रोजन व हायड्रोजन यांचे मिश्रण वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाबाखाली आणावे लागते. हे हृदय सहसा पूर्वसूचनेवाचून थांबत नाही. दट्ट्याच्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा झडपा आधी थकतात. गळक्या झडपेचा भाग तापू लागतो. वायूबरोबर द्रव आत शिरला तर अनर्थच, कारण द्रव दबत नाही. मग झडपेच्या चकत्या फुटतात, प्रसंगी कनेक्टिंग रॉडही मोडतो. चक्राकार फिरणाऱ्या कॉम्प्रेसरमधील प्रवाह किमान मर्यादेखाली गेला की वायू उलटा उसळतो आणि त्या धक्क्यांनी बेअरिंग व सील निकामी होतात. या बहुतेक बिघाडांपूर्वी तापमान वाढते, कंप वाढतो, तेल मळते, आवाज बदलतो. यंत्र कुरकुरते, प्रश्न ती ऐकण्याचा आहे.

आणि कित्येकदा यंत्र मोडत नाही, ते थांबवले जाते. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट शून्य अंशाच्या आसपास थंड राखण्यासाठी शीतकरण यंत्रणा होती. जून १९८४ मध्ये ती बंद करण्यात आली. २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्री टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरले, तेव्हा त्या विषाला आवरणारा थंडावा नव्हता. तो असता तर अभिक्रिया मंदावली असती, सावरण्यास वेळ मिळाला असता. सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला आणि हजारो जीव गेले. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथे स्टायरीनची वाफ सुटून १२ जणांचा बळी गेला. टाळेबंदीत पडून राहिलेल्या त्या टाकीच्या वरच्या थरातील तापमान मोजण्याची सोयही नव्हती. छत्तीस वर्षांत या देशाने काय धडा घेतला?

कायदे झाले नाहीत असे नाही. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले आणि संभाव्य धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. पण कागदावरचा हक्क रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या हाती पोचतो का? उत्पादनाचे लक्ष्य गाठायचे म्हणून कंपाची सूचना देणारा अलार्म दाबून टाकला जातो, वार्षिक दुरुस्ती पुढे ढकलली जाते, अनुभवी फिटरच्या जागी चार महिन्यांचा कंत्राटी मुलगा उभा केला जातो. ताळेबंदात ही बचत दिसते. तिची किंमत मात्र कुंपणापलीकडची वस्ती मोजते.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली स्थापन केलेला भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. उद्योगाचे श्रमिकीकरण हे त्याचे सूत्र आहे. त्याचा साधा अर्थ असा की, यंत्राचा स्वभाव जाणणाऱ्या माणसाच्या शब्दाला व्यवस्थापनात वजन असावे. धोका दिसताच यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याला हवा आणि त्यासाठी शिक्षा होणार नाही याची हमीही हवी. देखभालीच्या नोंदी कारखाना निरीक्षकाने प्रत्यक्ष यंत्रापाशी उभे राहून तपासाव्यात. सुट्या भागांसाठी परदेशी जहाजाची वाट पाहत जुनी झडप रेटत राहण्यापेक्षा ते भाग देशातच उत्तम दर्जाचे घडावेत. स्वदेशीचा विचार इथे थेट सुरक्षेशी जोडलेला आहे.

औद्योगिक सामर्थ्यावाचून राष्ट्राला वैभव नाही, हे खरेच. पण आपल्याच लोकांचे प्राण गहाण ठेवून येणारे वैभव टिकत नाही. येत्या खंडेनवमीला माळ घालण्यापूर्वी प्रत्येक कारखानदाराने देखभालीची वही उघडून पाहावी. विश्वकर्म्याला तीच पूजा पोचेल.