मनाच्या काळजीला सोबत हवी

पहाटे उठून चाला, साखर कमी करा, झोपताना मोबाइल उशाशी ठेवू नका, मनातले कुणाशी तरी बोला. हे सल्ले शहरातल्या आणि खेड्यातल्या बहुतेकांना आज पाठ आहेत. तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार सुमारे १० कोटी भारतीयांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मनाची स्थिती याहून बरी नाही. बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत, विकारानुसार, उपचार पोहोचलेच नव्हते. डॉक्टर कमी आहेत हे याचे उघड कारण. पण त्याच्याइतकेच मोठे दुसरे कारण आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. स्वतःची काळजी घेणे हे ज्याचे त्याने, एकट्याने, मनाच्या जोरावर करायचे काम आहे, असे आपण गृहीत धरले आहे. हे गृहीतक चुकीचे आहे. रोजची काळजी टिकते ती नियमाने विचारपूस करणारे, ऐकून घेणारे आणि पुढचे छोटे पाऊल ठरवायला मदत करणारे प्रशिक्षित माणूस सोबत असले की. अशी सोबत आज पैसे मोजणाऱ्यांना विकत मिळते. ती सार्वजनिक आरोग्यसेवेचा भाग व्हायला हवी.

पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत 'हेल्थ कोच', 'वेलनेस कोच' अशा पाट्या आणि ॲप वाढले आहेत. त्यातला दिखाऊपणा बाजूला ठेवला तर मूळ पद्धत विचार करण्याजोगी आहे. चांगला कोच उपदेश करत नाही. समोरच्याला काय बदलायचे आहे ते त्याच्याच तोंडून काढून घेतो, आठवडाभरात जमेल एवढीच गोष्ट ठरवतो, पुढच्या भेटीत ती झाली का विचारतो आणि झाली नसेल तर दोष न देता अडचण कुठे आली ते शोधतो. या साध्या क्रमाला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम'चे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना जीवनशैली बदलण्यासाठी वैयक्तिक मार्गदर्शक देण्यात आला होता आणि सुरुवातीला १६ सत्रांचा पाठ्यक्रम होता. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ही घट ३१ टक्के होती. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या भारतीय अभ्यासात, २००६ मध्ये, जीवनशैलीतल्या बदलाने धोका २८.५ टक्क्यांनी आणि गोळीने २६.४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. सल्ला सगळ्यांना ठाऊकच होता. तो अमलात आला तो पाठपुराव्यामुळे.

शरीराचे ठीक आहे, मनाचे असे होईल का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या शेजारी गोव्यातच मिळाले आहे. 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात ४९५ रुग्ण होते आणि त्यांचे नैराश्य किरकोळ नव्हते, मध्यम तीव्रतेच्या पुढचे होते. त्यांच्याशी बोलायला मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेली स्थानिक माणसे निवडून त्यांना प्रशिक्षण दिले गेले. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. पद्धत अशी की, मन खचले की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. शेजारी जाणे थांबते, मंडळाच्या कार्यक्रमाला जाणे थांबते, स्वयंपाकातला रस जातो, अंघोळसुद्धा नकोशी होते. जितके सोडावे तितके मन आणखी खचते. ही साखळी ओळखायची आणि सुटलेल्या गोष्टींपैकी एकेक पुन्हा सुरू करायची. उत्साह आधी येईल आणि मग काम सुरू होईल, अशी वाट पाहायची नाही. तीन महिन्यांनंतर या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीची सेवा थोडी सुधारून दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. आत्महत्येचे विचार व प्रयत्न कमी झाले. एवढेच नव्हे, तर स्त्रियांना जोडीदाराकडून होणारी मारहाणही या गटात कमी नोंदली गेली. स्वतःची रोजची काळजी म्हणजे चोचले, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे पाहावेत.

त्याआधी २०१० मध्ये याच संस्थेच्या 'मानस' चाचणीचे निष्कर्ष आले होते. गोव्यातील २४ दवाखाने, निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी. सरकारी केंद्रांत प्रशिक्षित आरोग्य समुपदेशकाची सोबत मिळालेल्या रुग्णांपैकी ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. ती न मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. हा निकाल लपवण्यासारखा नाही, उलट समजून घेण्यासारखा आहे. खासगी दवाखान्यातला डॉक्टर अनेकदा त्या घराला वर्षानुवर्षे ओळखत असतो, रुग्णाला नावाने हाक मारतो, घरच्यांची चौकशी करतो. सरकारी केंद्रातल्या डॉक्टरसमोर रांग असते आणि एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटे. म्हणजे सोबत जिथे आधीच होती तिथे नव्या सोबतीने भर पडली नाही आणि जिथे नव्हती तिथे मोठा फरक पडला, असा याचा अर्थ लावता येतो. तो बरोबर असेल तर निष्कर्ष स्पष्ट आहे. या सेवेची सर्वाधिक गरज सरकारी आरोग्य केंद्रावर अवलंबून असणाऱ्यांना आहे आणि बाजार नेमका त्यांच्यापर्यंत जात नाही.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो. मन हा नाजूक विषय आहे, तो अर्धशिक्षित माणसाच्या हाती कसा द्यायचा? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. पण दुसऱ्या भागाला महाराष्ट्राने यापूर्वीच दोनदा उत्तर दिले आहे. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून गावातल्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. नवजात बाळाचा न्यूमोनिया हाताळणे मनातले ऐकून घेण्यापेक्षा कमी जोखमीचे नव्हते. दोन्ही ठिकाणी यश आले ते नेमके प्रशिक्षण, मर्यादेची स्पष्ट जाणीव आणि वरून सतत देखरेख यांमुळे. मनाच्या कामालाही याच अटी लावाव्यात. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा, भास होणारा, व्यसनात बुडालेला किंवा औषधे चालू असलेला रुग्ण असेल तर त्याला लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचवणे हे या कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य असले पाहिजे. तो डॉक्टरची जागा घेणार नाही. डॉक्टरपर्यंत कधीच न पोहोचणाऱ्यांसाठी तो आहे.

दुसरा आक्षेप आपल्या संस्कृतीच्या नावाने घेतला जातो. आपल्याकडे घर आहे, भाऊबंद आहेत, भजनी मंडळ आहे, वारी आहे. मन हलके करायला परकी माणसे कशाला? या आधारांचे मोल मोठे आहे आणि त्यांना पर्याय शोधावा असे कोणी म्हणणार नाही. पण अनेकदा ज्या गोष्टीचा ताण असतो ती घरातच असते. सुनेला सासरचे दुःख सासूपाशी बोलता येत नाही. कर्ज झालेल्या शेतकऱ्याला भावकीत ते उघड करायची लाज वाटते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला सर्वांत जास्त भीती आईवडिलांचीच असते. अशा वेळी गावातले, आपल्या बोलीत बोलणारे, तरी घरातल्या भांडणात बाजू नसलेले आणि ऐकलेले बाहेर न बोलणारे माणूस हवे असते. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाके ठेवून तिथे त्याच वस्तीतल्या प्रशिक्षित आजींना बसवले, ते अशाच सोबतीसाठी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणे या आजींशी बोललेल्यांपैकी जेमतेम १४ टक्क्यांत उरली होती, तर इतरांपैकी निम्म्यांत कायम होती. आजीचा मान तिथे आहे तसाच इथेही आहे. कसे ऐकावे हे तिला शिकवण्याची तसदी आपण घेतलेली नाही, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कापसाला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, नोकरी कंत्राटी आहे. अशा माणसाला 'दीर्घ श्वास घ्या' सांगणे म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या मनावर टाकणे नाही का? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. जिला स्वतःसाठी अर्धा तास नाही, तिला रोज योग करायला सांगणे हा उपाय नसून टोमणा आहे. म्हणूनच सोबत देणाऱ्याचे काम श्वासापाशी थांबता कामा नये. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यात सुरू केलेला आणि पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात वाढवलेला 'आत्मीयता' उपक्रम इथे मार्गदर्शक आहे. त्यातले गावचे स्वयंसेवक मन मोकळे करायला मदत करतातच, शिवाय निवृत्तिवेतन, सरकारी योजना, कागदपत्रे मिळवून देण्यातही हात देतात. कारण निराधार योजनेचे अडकलेले पैसे सुटणे हेही मनाचे औषध असते. भाव मिळायला हवा, पाणी मिळायला हवे, नवऱ्याने भांडी घासायला हवीत. पण हे सगळे होईपर्यंत खचलेल्या माणसाने एकट्याने थांबावे, असे न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. खचलेला माणूस हक्कासाठी भांडूही शकत नाही.

असे काम आपल्या खेड्यांत होऊ शकते याचा पुरावा विदर्भातही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. लोकांना मदत नकोच असते, वेड्यात काढले जाऊ म्हणून ते घाबरतात, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. मदत दारापर्यंत आली आणि तिच्यावर 'वेड्यांचा डॉक्टर' असा शिक्का नसला, की लोक ती घेतात.

मग अडले कुठे? कायदा आहे: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला अशा सेवेचा हक्क दिला. इमारती आहेत: आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्य लिहिलेले आहे. फोन आहे: १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक सुरू आहे. आपल्या राज्याचा शेतकऱ्यांसाठीचा 'प्रेरणा प्रकल्प'ही आहे. नाही ते फक्त या एका कामासाठी वेळ आणि पगार असलेले माणूस. हे काम आशाताईंच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह सरकारला होईल, तो टाळला पाहिजे. लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग, एकापाठोपाठ एक सर्वेक्षणे, आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक. तिच्यावर आणखी एक नोंदवही टाकली तर रकाने भरतील आणि माणसे तशीच राहतील. प्रत्येक आरोग्य मंदिरात याच कामासाठी मासिक मानधनावर एक स्थानिक व्यक्ती नेमावी. इच्छुक आशाताईंना आणि बचत गटांतल्या अनुभवी स्त्रियांना त्यात प्राधान्य द्यावे आणि देखरेख जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या तज्ज्ञांनी करावी.

आणि बाजाराला शिस्त लावावी. आज भारतात कोणीही चार दिवसांचे ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन स्वतःला कोच म्हणवू शकतो. वजन घटवणारी पावडर विकणाराही वेलनेस कोच आणि 'गोळ्या सोडा, विचार बदला' सांगणाराही वेलनेस कोच. अमेरिकेत २०१७ पासून या व्यवसायासाठी राष्ट्रीय परीक्षा घेतली जाते. आपल्याकडे निदान एवढे नियम तातडीने हवेत: पात्रता जाहीर करणे, गुप्तता पाळणे, औषधांत ढवळाढवळ न करणे, आणि ज्याला सल्ला द्यायचा त्यालाच वस्तू न विकणे. चांगले काम करणाऱ्या समुपदेशकांचे नाव याच नियमांनी राखले जाईल.

वाचकांना विनंती एवढीच. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत रस्ता आणि गटाराबरोबर हा प्रश्नही विचारा: आमच्या आरोग्य केंद्रात मनाचे ऐकून घेणारे माणूस कोण आहे आणि ते कोणत्या वारी बसते? उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडू नका. आणि घरात कोणाचे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणे नको असे शब्द तोंडी येत असतील, तर 'मन खंबीर कर' असे सांगून उठू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच्यासोबतच १४४१६ फिरवा.