पॉवर मीटर घ्यायचाय? आधी डाव्या पायाचं गणित समजून घ्या

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. अशा शर्यतींत घाट चढणारे रायडर हँडलवरच्या छोट्या स्क्रीनकडे सारखं बघताना दिसतात. तिथे त्यांना वेगापेक्षा महत्त्वाचा वाटणारा आकडा असतो, तो म्हणजे वॅट.

हा आकडा देणारं उपकरण म्हणजे पॉवर मीटर. आता शर्यतच दारात आली म्हटल्यावर 'मलाही हवा' हा हट्ट घरोघरी होणार. पण चांगल्या पॉवर मीटरच्या पैशात बऱ्याचदा अख्खी नवी सायकल येते. म्हणून घेण्याआधी विषय समजून घेऊ.

हा मोजतो तरी काय?

पेडल दाबलं की धातू अगदी किंचित वाकतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण आत बसवलेले स्ट्रेन गेज नावाचे सेन्सर ते टिपतात. त्यावरून जोर किती लागला ते कळतं. त्याला पेडल फिरण्याच्या वेगाची जोड दिली की वॅट मिळतात. जर्मन इंजिनिअर उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये एसआरएम कंपनी काढली आणि हे तंत्र सायकलवर आलं.

याचा फायदा काय? समोरून वारा आला की वेग पडतो. झोप कमी झाली किंवा ऊन वाढलं की हार्ट रेट बदलतो. वॅट मात्र तुम्ही या क्षणाला किती काम करताय तेवढंच सांगतात. २४० वॅट देणाऱ्या ६० किलोच्या रायडरचे किलोमागे ४ वॅट होतात, ८० किलोच्या रायडरचे ३. सिंहगड चढताना कोण पुढे जाणार, ते इथेच कळतं.

बसवायचा कुठे?

पेडलमध्ये असेल तर एका सायकलवरून दुसरीवर सहज नेता येतो. पण सायकल पडली की पहिला मार पेडललाच बसतो, शिवाय बुटाची क्लीट जुळावी लागते. क्रँकवरचा सुरक्षित राहतो, पण तो आपल्या सायकलला बसेल का हे आधी तपासावं लागतं. मागच्या हबमधला असेल आणि शर्यतीला चाक बदललं, तर मीटर घरीच राहतो.

खरी गोम इथे आहे

स्वस्तातले बरेच मीटर फक्त डावा पाय मोजतात आणि आकडा दुप्पट करून दाखवतात. समजा तुमचा डावा पाय १३० वॅट देतो आणि उजवा १२०. खरी बेरीज २५०, पण स्क्रीनवर दिसणार २६०. म्हणजे ४ टक्के जास्त. अशा वेळी 'अचूकता १ टक्का' ही जाहिरात फक्त डाव्या पायापुरती खरी असते.

मग एकतर्फी मीटर घेऊच नये का? तसं नाही. सरावासाठी आकडा रोज एकाच पद्धतीने चुकत असेल तरी चालतं, कारण तुलना तुमची तुमच्याशीच असते. मित्राच्या वॅटशी तुलना केली की मात्र गणित फसतं. दुखापतीतून सावरणाऱ्यांनी आणि टाइम ट्रायल गांभीर्याने करणाऱ्यांनी दोन्ही पाय मोजणारा घ्यावा, कारण थकल्यावर दोन्ही पायांतला फरक बदलू शकतो.

मीटर कुठलाही घ्या, निघण्याआधी झिरो ऑफसेट करायचाच. तापमान बदललं की आकडा सरकतो. पहाटेच्या गारव्यात निघून उन्हात परतणाऱ्यांनी हे विसरू नये.

सगळ्यांना आवडतोच असं नाही

२०१६ मध्ये नायरो किंताना आणि अल्बर्टो कोंटाडोर या दिग्गजांनी शर्यतीत पॉवर मीटरवर बंदी घाला, अशी मागणी केली होती. आकडे बघून सायकल चालवली की हल्ल्यातली गंमत जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. बंदी आली नाही, पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

मग घ्यायचा की नाही?

आठवड्यात तीन-चार दिवस ठरवून सराव होत असेल, तर घ्या. २० मिनिटं पूर्ण ताकदीने चालवा, सरासरीचे ९५ टक्के काढा आणि त्यावर सराव आखा. घरी स्मार्ट ट्रेनर असेल तर तो वॅट दाखवतोच, सुरुवात तिथून करा.

आणि सराव अजून रविवारपुरताच असेल, तर ते पैसे आधी चांगले टायर, फिटिंग आणि हेल्मेटवर घाला. मीटर ताकद मोजतो, ती वाढवावी मात्र आपल्यालाच लागते.